निळ्या पाटीवर नसलेले नाव

२०२५ च्या नोव्हेंबरात तपोवनातल्या झाडांवरून नाशिक पेटले. येत्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचे, त्यासाठी झाडे तोडायची, हे कळले आणि लोक रस्त्यावर उतरले. आंदोलन योग्यच होते. एका संध्याकाळी मीही तिथे जाऊन उभी राहिले होते. पण त्या काही आठवड्यांत शहरभर जी चर्चा चालली, ती ऐकून मन खट्टू झाले. धर्म की झाडे, विकास की वारसा, अशा जोड्या लावून लोक एकमेकांच्या अंगावर जात होते. बोलता बोलता गाडी जुन्या देवळांवर आणि लेण्यांवर घसरली. "गावात चालायला धड रस्ता नाही आणि तुला त्या पडक्या दगडांचं पडलंय," असे माझ्या चुलतभावाने मला चारचौघांत ऐकवले. दुसरीकडून "आमचा इतिहास, आमची अस्मिता" हा गजर चालूच होता. आवाज दोघांचाही मोठा होता, आणि खरा प्रश्न दोघांच्याही हातून निसटला होता.

माझे म्हणणे आधीच सांगते. नाशिकचे रस्ते ज्या कारणाने खड्ड्यांत गेले, त्याच कारणाने नाशिकचे अवशेषही मातीत चालले आहेत. पैसा कमी पडला असे मी मानत नाही, अभिमान कमी पडला असे तर मुळीच नाही. या राज्याच्या राजकारणात घोषणा करणाऱ्याला हार-तुरे मिळतात. केलेली गोष्ट रोजच्या रोज राखण्याची जबाबदारी मात्र कोणाच्याच नावावर लिहिलेली नसते. रस्ता असो की शिलालेख, राखणारा ठरलेला नसेल तर दोन्हींची गत एकच होते.

नाशिककराने जाब विचारायचा कोणाला, याचा हिशोब एकदा मांडून पाहा. २०१९ चा नोव्हेंबर ते २०२४ चा डिसेंबर, एवढ्या काळात मुख्यमंत्रिपदाचे चार शपथविधी झाले आणि दोन मोठे पक्ष उभे फुटले. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर जवळपास चार वर्षे या शहराला नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. २०२५ च्या जानेवारीत जिल्ह्याचे पालकमंत्री जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्या नियुक्तीला स्थगिती आली. मतदान मी एकदाही चुकवलेले नाही. तरीही माझ्या गल्लीतले गटार तुंबले तर कोणाचे दार वाजवायचे, हे त्या चार वर्षांत मला सांगता आले नसते. निवडणुका लांबल्या त्यामागे आरक्षणाचा न्यायालयीन गुंता होता, हे मान्य. तीन पक्षांचे सरकार म्हटले की ओढाताण होणार, हेही मान्य. पण गुंता वरचा असला तरी त्याचे परिणाम खाली, पावसाच्या पाण्यासारखे साचतात, आणि ते उपसायला कोणी नसते.

आता चुलतभावाचा मुद्दा. तो हलका नाही, आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. द्वारका चौकात पावसाळ्याच्या संध्याकाळी रुग्णवाहिका अडकलेली ज्याने पाहिली आहे, त्याला नक्षीदार खांबाचे कौतुक सांगायला तोंड होत नाही. सरकारी पैसा शेवटी एकाच तिजोरीतला. मग आधी माणूस की आधी दगड? प्रश्न असा टाकला की उत्तर ठरूनच जाते. पण तो टाकण्यातच चूक आहे, कारण अवशेष राखायला जे लागते ते कोट्यवधींचे काम नसते. सिन्नरचा गोंदेश्वर घ्या. मधोमध मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवळे, असे काळ्या दगडातले भूमिज शैलीचे पंचायतन. सांध्यांत चुना न भरता दगडावर दगड बसवलेला. (आपण अशा सगळ्याच देवळांना हेमाडपंती म्हणतो, गोंदेश्वर अकराव्या-बाराव्या शतकातला आणि हेमाद्रीपंडित तेराव्या शतकातला, पण नाव चिकटले ते चिकटले.) अशा बांधणीला धोका असतो तो सांध्यांत. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी फटीत पडते, पावसाळ्यात बोटभर रोप उगवते. ते त्याच वर्षी मुळासकट काढायला एका माणसाची सकाळ पुरते. दहा वर्षे राहू दिले तर मूळ मनगटाएवढे होऊन दगड सरकवते; मग शिखर उतरवून, दगडांना क्रमांक घालून पुन्हा चढवावे लागते, आणि त्याला खरोखरच कोटी लागतात. रस्त्याचेही हेच आहे. कडेची चारी मे महिन्यात मोकळी केली तर पाणी वाहून जाते. केली नाही तर पाणी डांबराखाली मुरते, खडी सुटते आणि ऑगस्टमध्ये खड्डा पडतो. मग खड्डे बुजवण्याची निविदा निघते, तिचे उद्घाटन होते. चारी मोकळी केल्याचे उद्घाटन कोणी पाहिले आहे का? माझ्या भावाला आणि मला एकच माणूस हवा आहे: मे महिन्यात चारी आणि पावसाळ्यात पिंपळाचे रोप काढणारा. तो नेमला जात नाही म्हणून आम्ही दोघे एकमेकांशी भांडतो आहोत.

अस्मितावाल्यांशी माझे भांडण वेगळे आहे. २०२२ च्या मे महिन्याच्या अखेरीस नाशिकरोडला साधू-महंतांची सभा भरली होती. हनुमानाचे जन्मस्थान आपले अंजनेरी की कर्नाटकातली किष्किंधा, याचा निर्णय व्हायचा होता. आसने कोणाची वर आणि कोणाची खाली यावरून सुरुवात झाली आणि सभा हमरीतुमरीवर आली. राज्यभरच्या वाहिन्यांनी ते दाखवले. त्याच अंजनेरीच्या पायथ्याशी, गावाला लागून, अकराव्या-बाराव्या शतकातल्या जैन आणि हिंदू देवळांचे अवशेष विखुरलेले आहेत. त्यांतल्या एका जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे इसवी सन ११४१ च्या आसपासचा लेख आहे. यादव राजा सेउणचंद्राच्या मंत्र्याने चंद्रप्रभ तीर्थंकराच्या मंदिराला नगरातली दुकाने दान दिल्याची त्यात नोंद आहे. दुकानांचे उत्पन्न येत राहील आणि त्यावर मंदिर चालेल, ही त्यामागची योजना. जन्मस्थानाचा वाद घालणाऱ्या किती जणांनी तो दगड वाचला असेल? अंजनेरीवर माझी श्रद्धा आहे, लहानपणापासून गड चढत आले आहे. म्हणूनच विचारते: जे स्थान आपले म्हणून एवढे भांडलो, त्याच्या पायथ्याचे कोरीव दगड उघड्यावर पडलेले असताना आपली जीभ का उचलत नाही?

श्रद्धेने जेवढे वाचवले तेवढे कोणत्याही खात्याने वाचवलेले नाही, हा अस्मितावाल्यांचा सर्वांत बळकट मुद्दा आहे, आणि तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात नाल्याचे काम चालू होते. एके काळचे खेडे शहरात आले, त्याच्या शिवेवरचा तो नाला. जेसीबीने उकरलेल्या मातीच्या ढिगात मला एक उभट दगड दिसला. पदराने माती पुसली तर वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड! सर्वांत खाली ढाल-तलवार घेतलेला वीर आणि समोर घोडेस्वार, मधल्या पट्टीत त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. घोड्याच्या पोटावरून जेसीबीच्या दाताचा ताजा पांढरा ओरखडा गेला होता. "ताई, दगडच आहे, भरावात टाकतो," चालक म्हणाला. त्याचे काय चुकले? त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मी हातापाया पडून काम तासभर थांबवले, छायाचित्रे काढली आणि अर्ज घेऊन निघाले. एका कार्यालयाने सांगितले, संरक्षित यादीत नाही, आमच्याकडे येत नाही. दुसऱ्याने सांगितले, पुरातत्त्वाचा विषय, आमच्याकडे येत नाही. तिसरीकडे अर्जावर पोच मिळाली. तिची प्रत अजून माझ्या कपाटात आहे, उत्तर आलेले नाही. चौथ्या दिवशी जाऊन पाहते तर दगड जागेवर नव्हता. शेजारच्या वस्तीतल्या एका आजींनी नातवांच्या मदतीने तो ओढत नेऊन पिंपळाखाली उभा केला होता, तेल-शेंदूर वाहिला होता, आणि वर झेंडूची माळ घातली होती. "देव उघड्यावर पडला होता गं," त्या म्हणाल्या. तो दगड आज आहे तो त्यांच्यामुळे आहे. आणि आज तो तसा वाचता येत नाही, कारण शेंदराच्या थरांखाली घोडा, अप्सरा, चंद्र-सूर्य सगळे बुजून गेले आहे. मी त्या आजींना दोष देणार नाही, कधीच देणार नाही. त्यांच्याकडे जे होते ते त्यांनी दिले. ज्यांच्याकडे नोंदवही होती, त्यांनी एक ओळसुद्धा लिहिली नाही.

आणि एक ओळ लिहिणे म्हणजे काय, हे शिकायला या शहराला परदेशी तज्ज्ञ बोलावण्याची गरज नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरून डोंगराकडे वळायचे, पायऱ्या चढायच्या, की त्रिरश्मी लेणी, आपली पांडवलेणी. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात शक राजा, क्षत्रप नहपान, याचा जावई उषवदात याचा लेख आहे. एकोणीसशे वर्षांच्या आसपास जुना. मी आयुष्य बँकेत काढले, त्यामुळे तो पहिल्यांदा समजून घेतला तेव्हा अंगावर काटा आला होता. तीन हजार कार्षापण नाण्यांची अक्षयनीवी, म्हणजे कधीही न मोडायची ठेव, त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागीर-संघांकडे, ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आणि पहिल्या दोन हजारांचे व्याज वापरायचे कशाला, तर त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला राहणाऱ्या, वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. आता हिशोब करा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक नाणे इकडचे तिकडे नाही! हे सगळे निगमसभेत वाचून दाखवले आणि फलकावर, म्हणजे दप्तरात, नोंदवले, असेही लेख सांगतो. रक्कम, दर, कोणाकडे, कोणासाठी, कोणासमोर. आजच्या कोणत्या सुशोभीकरणाच्या फलकावर या पाच गोष्टी एकत्र वाचायला मिळतात?

त्याच लेण्याच्या आवारात पुढच्या काळातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या वेळचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अशीच ठेव वेगवेगळ्या श्रेणींकडे ठेवली, त्यांत तीळ गाळणारे तेली होते आणि पाण्याची यंत्रे करणारे कारागीर होते. एक परक्या कुळातली बाई, स्थानिक कारागीर, आणि रुग्णाचे औषध. ज्यांना या डोंगरावर फक्त स्वतःच्या जातीचा किंवा पंथाचा इतिहास दिसतो, त्यांनी हा लेख एकदा समोर उभे राहून समजून घ्यावा.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: राजेरजवाड्यांच्या दानपत्रांना लोकशाहीपुढे आदर्श म्हणून का ठेवता? तो शिलालेख म्हणजे त्या काळची जाहिरातच. उषवदात स्वतःच्या दानांची लांबलचक यादी कोरून घेतो, त्यामागे मोठेपणाची हौस होती यात शंका नाही. दान दिलेल्या शेतांत राबणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. विणकरांना मत नव्हते. आणि त्या राजांचे राजकारण आपल्यापेक्षा सौम्य तर मुळीच नव्हते. गोदावरी-दारणा संगमावरच्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. पराभूताच्या चेहऱ्यावर थेट आपला छाप. तिसऱ्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री अभिमानाने सांगते की तिच्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाचा, वंश निरवशेष केला. शत्रुत्व याहून कडवे काय असते?

पण याच गौतमीपुत्राचे पुढचे वागणे पाहा. नहपान हरला, तरी त्याच्या जावयाचा लेख त्याच डोंगरावर, हाकेच्या अंतरावर, आजही आपण वाचतो. गौतमीपुत्राने अठराव्या राज्यवर्षी गोवर्धनाच्या अमात्याला आज्ञा पाठवली ती काय? आजवर उषवदाताच्या भोगात असलेले शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना द्यावे. शत्रूचे नाव त्यात कोरलेले आहे, आणि भिक्षूंचा आधार तुटलेला नाही. आपल्याकडे सरकार बदलले की आधीच्यांच्या कामांना स्थगिती देण्यापासून सुरुवात होते. निम्मी बांधलेली भिंत पुढचा मंत्री येईपर्यंत तशीच उभी राहते. तिसऱ्या लेण्याच्या भिंतीवर, गौतमीपुत्राच्या त्या आज्ञेच्या खाली, सहा वर्षांनंतरची दुसरी आज्ञा आहे, आणि माझ्या मते नाशिक जिल्ह्यातला तो सर्वांत महत्त्वाचा सरकारी कागद आहे. चोविसाव्या वर्षी राजा आणि राजमाता गोवर्धनाच्या अमात्याला कळवतात: कखडी गावात आम्ही पूर्वी शेत दिले होते, पण ते शेत कसले जात नाही, ते गाव वसलेले नाही, तेव्हा आता इथल्या नगराच्या शिवेवरच्या राजाच्या मालकीच्या शेतातून शंभर निवर्तने जमीन या भिक्षूंना देत आहोत. पुढे त्याचा मुलगा पुळुमावी याच्या काळीही याच लेण्याला आधी दिलेले गाव बदलून दुसरे दिल्याची नोंद तिथेच आहे. म्हणजे दिलेल्या शेतात काही पिकत नाही ही तक्रार कोणीतरी वर पोचवली, कोणीतरी ऐकली, आणि शासनाने आपला आधीचा हुकूम फसला हे मान्य करून तसे दगडावर कोरून ठेवले. कोरीव आज्ञेने अंमलबजावणी सिद्ध होत नाही, हे खरे. पण चुकीची कबुली तर होते ना? जाहिरात करणारा आपले अपयश कोरून ठेवत नाही.

एका ठिकाणी मात्र वारसाप्रेमींनी, म्हणजे माझ्यासारख्यांनीही, मान खाली घालायला हवी. गोदेकाठची मातीची गढी. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले. ताम्रपाषाण काळापासून माणूस इथे थरावर थर रचत राहत आला, हे त्या खड्ड्यांतून कळले. नाशिकचे वय ज्या मातीने सांगितले, ती माती आता नदीच्या बाजूने ढासळते आहे आणि तिच्या काठावर लोक घरे करून राहतात. दर पावसाळ्याच्या तोंडावर घरे रिकामी करण्याच्या नोटिसा निघतात. पाऊस सरला की विषय संपतो. स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढे दोनशे मीटर नियंत्रण, हा २०१० च्या दुरुस्तीतला कायदा कागदावर मला पटतो. पण शंभर मीटरच्या आत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला गळके छप्पर बदलायचे तर परवानगीसाठी खेटे घालावे लागतात, आणि त्याच्या मनात त्या स्मारकाबद्दल प्रेम कसे उरणार? आपण त्यांना अतिक्रमण म्हणून हिणवतो. ताम्रपाषाण काळात तिथे घर करणारा आणि आज करणारा, दोघेही नदीजवळ उंचावर राहायला आले, एवढेच. गढी वाचवायची तर आधी त्यांना शहरातच, कामधंद्याच्या जवळ, पक्की घरे द्यावी लागतील. नोटिशीने ना माणूस वाचतो ना माती.

२०२५ च्या जुलैत मराठा लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत आपल्या बागलाणचा साल्हेर आहे, १६७२ च्या लढाईचा साल्हेर. त्या दिवशी मी घरी गोड केले. आनंद झाला, आणि लगेच पोटात गोळाही आला, कारण यादीत जाणे हा घोषणेचा दिवस होता आणि राखण्याचे दिवस दुसऱ्या सकाळपासून सुरू होतात. सिंहस्थासाठीही मोठा निधी येतो आहे, घाट होतील, रस्ते होतील. त्यातला काही भाग तरी मोडता न येणारी ठेव म्हणून बाजूला काढा, आणि व्याजातून गावागावात एकेक राखणदार नेमा. ज्या गावात अवशेष आहेत त्याच गावातला, आठवड्यातून एकदा फेरी मारणारा, रोप उपटणारा, नवीन दगड सापडला तर छायाचित्रासह नोंदवणारा. वर्षाचा हिशोब ग्रामसभेत आणि महापालिकेच्या सभेत वाचा. निगमसभेत वाचत होते, तसाच.

आणि पाटी बदला. संरक्षित स्मारकाशेजारी निळी पाटी असते. नुकसान केल्यास दोन वर्षे कैद किंवा एक लाख रुपये दंड, असे तिच्यावर लिहिलेले असते. नागरिकाने काय करू नये ते सगळे तिथे आहे. त्याखाली आणखी चार ओळींची जागा सहज निघेल: देखभाल कोणाकडे, शेवटची साफसफाई केव्हा, या वर्षी किती खर्च झाला, तक्रार आली तर कोणाला फोन करायचा. अशीच पाटी माझ्या भावाच्या घरासमोरच्या रस्त्यालाही लावा, म्हणजे आमच्या घरातले भांडण मिटेल. पहिल्या पाटीसाठी मी अंजनेरीचा पायथा सुचवते, दुसरीसाठी गढी. तिसरी त्या पिंपळाखाली लावता आली तर आजींना मी स्वतः वाचून दाखवीन.